जिनं माझ्या बहिणीचा कॉम्प्युटर जुळवला

तुमची सख्खी बहीण तुम्ही सांगितलेलं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देते, आणि तेच शेजारणीनं सांगितलं की मान डोलावते, हे तुम्ही किती दिवस हसून सहन कराल? मी एक दिवसही केलं नाही. मला त्या शेजारणीचा हेवा वाटला, अजून वाटतो, आणि हे लिहिताना तो कमी होईल अशी आशाही मला नाही. मोठ्या मनाचा आव आणून मी तिच्याविषयी लिहायला बसलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. वाचणाऱ्यांनी माझ्या शब्दांतून तेवढी वजावट करून घ्यावी.

कामाला बसली की कुठल्याही वस्तूला हात लावायच्या आधी ती खिडकीच्या गजाला हात लावायची. डबी उघडायची आहे, गजाला हात. स्क्रू फिरवायला पेचकस उचलायचा आहे, गजाला हात. पुसदला आमच्या समोरच्या घरात ती नवऱ्यासोबत भाड्यानं राहायला आली, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात शोध लावला की ही बाई खिडकीला नमस्कार करते. एकीनं मोठ्या अदबीनं विचारलं, हे कोणत्या देवाचं म्हणायचं? ती म्हणाली, "देवाचं नाई वो काकू. अंगातली वीज उतरवा लागते."

झालं. पुढं कितीतरी दिवस तिच्या अंगात वीज आहे ही बातमी गल्लीभर फिरत होती आणि तिच्या हातची वाटी परत घेताना बायका पदर मधे धरत होत्या. खरी गोष्ट साधी होती. थंडीच्या कोरड्या हवेत आपल्या अंगावर बारीकशी वीज साठते, स्वेटर काढताना चटचट वाजते तीच. कॉम्प्युटरचा नाजूक भाग तेवढ्या एका ठिणगीनं मरतो. म्हणून आधी लोखंडाला हात. हे तिनं मुलींना सांगितलं, मुलींनी आपापल्या आयांना सांगितलं, आणि महिनाभरात आमची धाकटी रोहिणी अभ्यासाला बसायच्या आधीसुद्धा खिडकीच्या गजाला हात लावू लागली. पुस्तकात कसली आली वीज? पण सवय लागली होती. आणि सवय माझ्याकडून नव्हती लागली.

तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. सगळ्या तिला वहिनी म्हणायच्या, मीही म्हणायचे. माहेर केळापूरकडचं. लग्नाआधी नागपूरला कॉम्प्युटरच्या दुकानात काही वर्षं काम केलेलं. नवरा एका ठेकेदार कंपनीत, काम असेल तिथं जाणारा. पुसदला आल्यावर तिनं पुढची खोली मोकळी केली, एक टेबल मांडलं, आणि गेम खेळणाऱ्या पोरापोरींना कॉम्प्युटर जुळवून द्यायला लागली. तयार डबा विकत घेण्यापेक्षा एकेक भाग निवडून जुळवला तर मोजक्या पैशांत जास्त पळणारा कॉम्प्युटर होतो, हा तिचा धंदा आणि हाच तिचा धर्म.

आता माझ्याविषयी थोडं. आमच्या घरात पाळण्याआधी पत्रकं आली. बाबा छापखान्यात कामाला. मोर्चा असो, जयंती असो, धरणं असो, पत्रकांचे गठ्ठे छापखान्यातून आधी आमच्या घरी यायचे आणि मग गावभर जायचे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांच्यावरच. मी वाचलेला पहिला शब्द 'चलो' होता. पुढं मी स्वतः लिहायला लागले. हुंड्यावर लिहिलं, वसतिगृहाच्या बंद पडलेल्या नळावर लिहिलं, मुलींना घराबाहेर पडू द्या म्हणून लिहिलं. दर रविवारी सकाळी गल्लीतल्या विहारात मुलींचं वाचन मंडळ चालवायचे. सुरुवातीला बसायला सतरंजी पुरत नव्हती.

वहिनी आली आणि सतरंजी पुरायला लागली. मग उरायला लागली.

मुली घराबाहेर पडल्या होत्या, पण समोरच्या घरात शिरल्या होत्या. ज्या मुलींनी माझ्यासमोर कधी तोंड उघडलं नाही, त्या तिच्या खोलीत हमरीतुमरीवर येऊन भांडत होत्या. कशावरून, तर अमुक प्रोसेसरला तमुक कार्ड शोभतं की नाही. मी विहाराच्या पायरीवर उभी राहून ते ऐकायचे. मुलींनी असं भांडावं, स्वतःचं मत ठासून मांडावं, म्हणून मी तीन वर्षं घसा फोडत होते. भांडायला लागल्या, पण माझ्याकडे नाही.

बायका मागून बोलायच्या. नवऱ्याच्या जिवावर खेळणी विकते म्हणायच्या, पोरी बिघडवते म्हणायच्या. एकदा नळावर हे चाललं होतं आणि मी तिथंच उभी होते. मी असं काही सुनावलं की पुढं माझ्यासमोर तो विषय निघाला नाही. हेवा माझा होता, माझ्या खासगीतला. तिला नावं ठेवायचा परवाना मी गल्लीला दिलेला नव्हता.

खरा वांधा रोहिणीवरून होता. रोहिणी माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मी लिहायचे आणि ती घड्या घालायची. चौघडी पत्रकाची घडी तिच्यासारखी कोणी घालत नसे. बारावी झाली आणि ती फोनवरचे गेम इतकं चांगलं खेळायला लागली की यवतमाळच्या कॉलेजातल्या मुलींच्या एका संघानं तिला निरोप पाठवला. पाच जणींचा संघ, एक जागा रिकामी, स्पर्धांना नागपूरपर्यंत जाणारा. अट एवढीच, की फोनवर नाही, कॉम्प्युटरवर खेळता आलं पाहिजे. उन्हाळ्यात चाचणीचा सामना होणार होता. घरून खेळायचा, पण खेळायला घरात कॉम्प्युटर हवा.

आम्हा दोघींचे मिळून जे पैसे साठले होते त्यात एकच कॉम्प्युटर येणार होता. मला तो पत्रकाची मांडणी करायला हवा होता, तिला संघात शिरायला. मी मोठी, तेव्हा माझं ऐकलं जाईल असं मला वाटलं. मी तिला समजावलं की खेळ ही बड्या कंपन्यांनी तरुणांना घातलेली भूल आहे, आपल्यासारख्यांनी त्यात आयुष्य घालवायचं नसतं. ती शांतपणे ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "ताई, आपण वहिनीले विचारून पाहू ना."

आता वहिनीचंच ऐकलं जाणार असं मला तेव्हाच वाटलं. तसंच झालं, पण ज्या पद्धतीनं झालं त्याची मला तयारी नव्हती.

आम्ही तिघी गेलो, आई, रोहिणी आणि मी. टीव्हीवर मालिका सुरू होती, म्हणून वहिनीनं आम्हाला ती संपेपर्यंत बसवून ठेवलं. ती सगळ्यांनाच तशी बसवायची. मालिका संपली, तिनं केस सोडून परत बांधले, आणि विचारलं काय पाहिजे. रोहिणी एका दमात म्हणाली, ग्राफिक्स कार्ड चांगलं पाहिजे. मी म्हणाले, स्क्रीन मोठा पाहिजे, भिंतीएवढा असला तरी चालेल.

वहिनी हसली. तिचा एक नियम होता आणि तो पुसदच्या निम्म्या पोरांना पाठ होता. "जे पयले मांगता ते शेवटी घ्यायचं," ती म्हणाली. "दोघीचंबी शेवटी."

मग तिनं जे प्रश्न विचारायला सुरुवात केली, ते कॉम्प्युटरचे वाटतच नव्हते. कोणता गेम खेळणार, कॉम्प्युटर कोणत्या खोलीत ठेवणार, त्या खोलीत कूलर आहे का, दुपारी लाइट किती वेळा जाते, लाइट येते तेव्हा पंखा आधी हळू फिरतो की एकदम जोरात. आणि शेवटी, घरात कापूस कोणत्या खोलीत ठेवता?

आई म्हणाली, आमच्याकडे शेतच नाही तर कापूस कुठला. पण हा प्रश्न वहिनी प्रत्येकाला विचारायची, आणि त्यामागं एक कहाणी होती. महागावकडच्या एका घरी तिनं कॉम्प्युटर जुळवून दिला. चांगलं शेतकऱ्याचं घर. दिवाळीनंतर पोरगा तक्रार घेऊन आला की गरम होऊन बंद पडतो. ती स्वतः बसनं गेली पाहायला. घरच्यांनी भाव वाढेपर्यंत कापूस घरातच ठेवला होता, माळ्याला टेकेल इतका, आणि कॉम्प्युटर त्याच खोलीत, त्या ढिगाला पाठ लावून. आतला पंखा दोन महिने हवेसोबत रुई ओढत होता. तिनं झाकण उघडलं. "आतून गादी निघाली बापा," ती सांगायची, आणि दोन्ही हातांनी गादी किती जाड होती ते दाखवायची. दर वेळी गादी थोडी जाड व्हायची. तेव्हापासून आधी कापूस, मग कॉम्प्युटर.

रोहिणीनं धीर करून विचारलं की कार्ड शेवटी घेतलं आणि तोवर पैसे संपले तर? वहिनीनं आईकडे पाहिलं. आई तोवर कंटाळून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

"मावशी, तुमच्याकडं पोळ्या कोन लाटते अन भाजते कोन?"

आई म्हणाली, लाटते मी, भाजते ही रोहिणी.

"मंग पाहा. हा प्रोसेसर लाटते, हे कार्ड भाजते. लाटनारी धीमी असन तं तवा रिकामा तापते. भाजनारी धीमी असन तं लाटलेल्या पोळ्या एकमेकीले चिकटतात. अन खानारा कोन? हा स्क्रीन. तो जेवढा खाईन तेवढंच करा लागते. दोन पोळ्या खानाऱ्यासाठी कोनी लग्नाचा तवा मांडते काय?"

मग तिनं उरलेलं स्वयंपाकघरही मांडून दाखवलं. रॅम म्हणजे ओटा, तो अरुंद असला की लाटायला जागा नाही. एक लांब ओटा घेण्यापेक्षा दोन बाजूंना दोन ओटे बरे, दोघींना एकाच वेळी हात चालवता येतो. आणि वीज पुरवणारा डबा, पावर सप्लाय, तो सिलिंडर. त्यात कंजूषपणा केला तर पाहुणे पानावर बसल्यावर गॅस जातो.

"हे तं मले समजलं," आई म्हणाली.

तिच्या तोंडून हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. माझं एकही पत्रक आईला समजलं नव्हतं. ती ते डब्यात पापडाखाली अंथरायची आणि मला मोठ्या मायेनं सांगायची, कागद चांगला असते तुह्या पत्रकाचा. मी त्या खोलीत बसून पोळ्यांचं ते बोलणं ऐकत होते आणि मनात एकच गोष्ट घोळत होती, की हे वाक्य माझं असायला हवं होतं. शब्दांचं दुकान माझं, आणि माल हिच्याकडे.

निवड झाली ती अशी. सिलिंडर चांगल्या प्रतीचा, त्यात तडजोड नाही. प्रोसेसर मधला पण ताज्या पिढीचा, कारण रोहिणीच्या गेमला चित्राच्या झगमगाटापेक्षा झटपट हिशेब जास्त लागतो. रॅमच्या दोन पट्ट्या. साठवणीला फिरती डिस्क नाही, तर चटकन उघडणारी एसएसडी. हे सगळं सामावणारी पेटी समोरून जाळीची, जाळी काढून धुता येईल अशी. उरलं त्यात जे बसलं ते कार्ड, आणि त्या कार्डाला पेलेल एवढाच स्क्रीन, मध्यम आकाराचा पण चित्र भराभर बदलणारा. माझी भिंत गेली. मी तक्रार केली तेव्हा वहिनी म्हणाली की मोठ्या स्क्रीनवर तेवढीच चित्रं रंगवायला कार्डाला दुप्पट घाम गाळावा लागेल, आणि पत्रक काही पळत नाही. पत्रक याच्यावर आरामात होईल. तिचं खरं होतं. त्याचा आणखीनच राग आला.

ती गरीब बिचारी नव्हती, हे सांगितलंच पाहिजे. तिच्यासारखी स्वतःची स्तुती करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. जुळवलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरचा फोटो तिच्या फोनमध्ये होता, आणि लोक नातवंडांचे दाखवतात तसे ती ते दाखवायची. पुसद सोडा, पार यवतमाळपर्यंत माझ्यासारखी वायर कोणी बसवून दाखवावी, असं उघड म्हणायची. समोरच्यानं वा म्हटलं नाही, तर म्हणेपर्यंत फोटो पुढं धरून ठेवायची. मला ती फोटो जरा जास्तच वेळ धरून दाखवायची. मी कधी वा म्हटलं नाही.

आणि दिव्यांचा तिला तिटकारा. आजकाल कॉम्प्युटरच्या आत लाल, निळे, हिरवे दिवे लावायची फॅशन आहे. पंख्याला दिवे, रॅमला दिवे. पोरं तेच मागत यायची. ती त्यांना दारातूनच वाटेला लावायची. "लाइटानं गेम पळत नाई. लाइटा पाह्यजे तं मांडवात जाय."

नागपूरहून ट्रॅव्हल्सनं पार्सल आलं त्या दिवशी मला छापखान्यातून यायला थोडा उशीर झाला. मी पोचले तेव्हा सगळे भाग टेबलावर मांडलेले होते आणि वहिनी हाताची घडी घालून लांब उभी होती. जुळवत होती रोहिणी. प्रोसेसर बसवणं हे सगळ्यात भीतीचं काम. तो छोट्या चौकोनी जागेत अचूक ठेवावा लागतो, दाबायचा नाही, नुसता ठेवायचा, मग कडी खाली घ्यायची. ती कडी खाली घेताना असा आवाज होतो की नवख्या माणसाला वाटतं, मोडलंच. आवाज झाला आणि रोहिणीचे हात थांबले. तिनं वर पाहिलं. माझ्याकडे नाही, वहिनीकडे.

"ओरडते तो," वहिनी म्हणाली. "ओरडू दे. हात काढू नको."

रोहिणीनं कडी बसवली. मी पुढं होऊन काहीतरी धरायला गेले, तर दोघी एकदम म्हणाल्या, आधी गजाला हात लाव. दोघी एका सुरात. माझ्या बहिणीचा सूर माझ्याशी तसा कधी जुळला नव्हता, घोषणा देतानासुद्धा नाही. संध्याकाळी बटण दाबलं आणि पंखा फिरला, तेव्हा रोहिणीनं आधी वहिनीच्या गळ्यात हात टाकले. नंतर माझ्या. माझी पाळी आली तेव्हा मिठीत अर्धा जीव आधीच्या मिठीचा होता.

एप्रिल आला. जयंतीची पत्रकं आली, शिवाय दुसऱ्या दोन सभांची. बाबांनी गठ्ठे कॉम्प्युटरच्या खोलीत लावले, कारण दुसरी खोलीच नव्हती. भिंतीला जागा संपली तेव्हा टेबलाखाली, टेबलाखालची संपली तेव्हा पेटीच्या दोन्ही अंगांना. बाहेर ऊन असं, की दुपारी दाराची कडी धरवत नव्हती. आणि अशाच एका दुपारी रोहिणीचा चाचणीचा सामना ठरला.

पहिली दहा मिनिटं ती सुरेख खेळली. मला गेममधलं कळत नाही, पण स्पीकरवरून येणाऱ्या, संघातल्या मुलींच्या आवाजातला आनंद कळत होता. मग चित्र अडखळायला लागलं. रोहिणीची खेळाडू धावता धावता जागीच थिजायची आणि पुन्हा दिसायची तेव्हा मेलेली असायची. शेवटी कॉम्प्युटर आपोआप बंद पडला. पलीकडून फोन आला. त्या मुली वाईट नव्हत्या. त्यांनी पुढच्या महिन्यात आणखी एक संधी देऊ म्हटलं, पण ती शेवटची.

मी वहिनीला बोलवायला गेले नाही. रोहिणी अनवाणीच गेली.

वहिनी आली, वाकली, पेटीच्या मागं हात घातला आणि माझ्याकडे पाहिलं. "कापूस नाई म्हनल्या होत्या ना मावशी," ती म्हणाली. "मंग हे काय हाये?"

पेटीला श्वास घ्यायला वीतभरही जागा नव्हती. पुढून गठ्ठे, मागून गठ्ठे, आणि वरती आईनं धूळ बसू नये म्हणून टाकलेली चादर. महागावच्या घरात कापूस होता, आमच्या घरात परिवर्तन होतं. काम तेच करत होतं. वहिनीनं आणि रोहिणीनं मिळून गठ्ठे उपसून पलंगावर टाकले, चादर काढली, पेटी खिडकीकडे वळवली. मग वहिनीनं रोहिणीला गेममध्ये एक मर्यादा बांधून दिली, की स्क्रीन दाखवू शकतो त्याहून जास्त चित्रं कार्डानं रंगवायचीच नाहीत. फुकट घाम कशाला?

कॉम्प्युटर निवेपर्यंत ती पलंगावर बसली आणि वरच्या गठ्ठ्यातलं एक पत्रक काढून वाचायला लागली. ते माझं होतं. मी दारात उभी होते. खरं सांगू का, तिनं काय म्हणावं याची मी त्या क्षणी कुणाच्याही मतापेक्षा जास्त वाट पाहत होते. ती ओठ हलवत वाचत होती, सावकाश, शेवटपर्यंत. एवढ्या शेवटपर्यंत माझं पत्रक कोणी वाचलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मस्त हाये," ती म्हणाली. मग पत्रक उलटसुलट करून पाहत म्हणाली, "पन लाइटा लय लावल्या तू."

रोहिणी फिसकन हसली. मला झोंबलं. मी म्हणाले की हा अन्यायाचा विषय आहे, इथं हळू आवाजात बोलून चालत नाही. वहिनीनं पत्रक नीट घडी करून, रोहिणी घालते तशीच चौघडी घालून, कमरेला खोचलं आणि घरी घेऊन गेली. त्या दिवसापासून मी एक ठळक शब्द टाकला की मला लाल निळा पंखा फिरताना दिसतो. मी तो शब्द काढते. मग तिचं ऐकलं म्हणून चिडून परत टाकते. मग परत काढते. माझी पत्रकं अलीकडे बरी होतात असं लोक म्हणतात. मी कारण सांगत नाही.

दुसऱ्या सामन्याच्या दिवशी सकाळी समोर टेम्पो उभा होता. नवऱ्याचं इथलं काम संपलं होतं आणि कंपनीनं दुसरीकडे बोलावलं होतं. कुठं, ते तिलाही धड माहीत नव्हतं. आधी वाशीम म्हणाले होते, आता हिंगोलीकडचं काहीतरी म्हणत होते. सामना दुपारी होता. रोहिणी तिचा हात सोडायला तयार नव्हती. वहिनीनं तिला घरात लोटलं आणि सांगितलं की माझ्यामागं रडत बसली तर हात थरथरेल, जाऊन पाणी पी आणि थोडं झोप. मग ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, फोटो दाखवणार. ती म्हणाली, "तिच्यापाशी बसजो. बोलू नको काही. नुसती बसजो."

टेम्पो गेला. मी दुपारभर रोहिणीपाशी बसले. बोलले नाही. माझ्यासाठी हे किती अवघड होतं ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल. कॉम्प्युटर एकदाही अडखळला नाही.

निकाल तिसऱ्या दिवशी आला. मी टेबलापाशी मांडणी करत होते. रोहिणी स्वयंपाकघरात होती. तिचा फोन वाजल्याचं मी ऐकलं, मग ती परत परत कुणाला तरी फोन लावत असल्याचं ऐकू आलं. ती बाहेर आली तेव्हा चेहरा रडका होता. मला वाटलं, गेली जागा.

ती म्हणाली, "ताई, वहिनीचा फोन लागून नाई राह्यला."

निवड झाल्याचं तिनं त्याच्यानंतर सांगितलं. मी तिला जवळ घेतलं, आईनं तोंडात साखर घातली, बाबांनी छापखान्यात सगळ्यांना चहा पाजला. पण क्रम तर तोच राहिला ना? आयुष्यातली पहिली मोठी बातमी माझ्या बहिणीनं आधी तिला सांगायला घेतली, आणि तिचा फोन लागला नाही म्हणून ती मला कळली.

तो नंबर नवऱ्याच्या कंपनीचा होता, काम संपलं तसा परत केलेला, आणि आमचे नंबरही त्या सिममध्येच गेले असावेत. रोहिणीनं पाठवलेले संदेश अजून तसेच पडून आहेत. आम्ही गल्लीत विचारत फिरलो तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. तिचं माहेर केळापूरकडचं हे सगळ्यांना माहीत होतं, पण गाव कोणतं ते एकीलाही माहीत नव्हतं. आम्ही तिला दोन वर्षं प्रश्न विचारले, पण सगळे आमच्या कॉम्प्युटरचे. तिला तिच्याविषयी विचारायचं कोणालाच सुचलं नाही, आणि गल्लीत सगळ्यात जास्त प्रश्न विचारायची सवय मला आहे.

रोहिणी आता संघासोबत नागपूरला जाऊन आली. ती बरी खेळते म्हणतात. पण सामना जिंकून घरी आली की फोन हातात घेते, तो बंद नंबर उघडून पाहते आणि ठेवून देते. मी समोर असते. मला दिसतं.

म्हणून वाचणाऱ्यांना एक काम सांगते. वाशीम, हिंगोली किंवा जिथं कुठं तुम्ही राहता, तिथं तुमच्या गल्लीत अशी कोणी नवीन भाडेकरीण आली असेल तर पाहा. शोधायला अवघड नाही. तुमच्या घरातली मुलगी संध्याकाळी घरी सापडत नसेल, तर ती जिच्या घरी असेल तीच ही. तुम्हाला तिचा राग येईल, येऊ द्या. पण जा, मालिका सुरू असेल तर संपेपर्यंत बसा, आणि तिला सांगा की पुसदच्या रोहिणीची निवड झाली. मग तिच्या हातात तुमचा फोन द्या आणि तिथंच उभं राहून रोहिणीला फोन लावायला लावा; तिचा आणि माझा नंबर या लेखाखाली दिला आहे. मला लावला तरी मी तो रोहिणीकडेच नेऊन देईन, तेव्हा मधला वेळ वाचवा.